ताज्या माशासाठी श्रीलंकेला गेलो आणि गोराका घेऊन आलो

सोलापूरच्या माणसानं माशावर लिहावं का, हाच मुळात प्रश्न आहे. आमच्याकडं मासा म्हणजे उजनीचा. कटला, रोहू, नशीब चांगलं असलं तर मरळ, आणि आता जिकडंतिकडं चिलापी. समुद्राचा मासा येतो तो बर्फाच्या पेटीत झोपून येतो आणि येईपर्यंत त्याचे डोळे रात्रभर जनरलच्या डब्यात उभं राहून आलेल्या पॅसेंजरसारखे झालेले असतात. बाकी मग बाजारात गोणीत भरलेली सुकट आणि सुके बोंबील. माझी आजी सुकट तव्यावर भाजून कांदा-लाल तिखट घालायची आणि भाकरीवर ठेवून द्यायची, आमचा समुद्र तेवढाच.

तर गेल्या वर्षी मेव्हणा एकदा जेवता जेवता म्हणाला, दाजी, एकदा तरी समुद्रातनं निघाला की लगेच ताटात असा मासा खायचाय. मी म्हणलं कोकणात जाऊ की. तो म्हणाला कोकण झालं ओ, बेटावर जाऊ, चारी बाजूनं पाणी पाहिजे. आधी अंदमानचं बघितलं, पण आम्ही बघत होतो त्या तारखांना मुंबई-कोलंबोचं तिकीट त्यापेक्षा स्वस्त दिसायलं, आणि तिथंच विषय संपला. ऑनलाइन ईटीए, म्हणजे तिथं जायची परवानगी, काढला, गड्ड्याची यात्रा संपली की फेब्रुवारीत जायचं ठरलं. फेब्रुवारी हे अंदाजपंचे नाही बरं का. श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पावसाळी समुद्र खवळलेला असतो, डिसेंबर ते मार्च शांत. ज्यांना मासाच खायचाय त्यांनी हे आधी बघावं, हॉटेलचे फोटो नंतर.

मंडळी तीन. मी, मेव्हणा आणि आमची सौ. सौ.ची अट एकच, काटे असलेलं काही खाणार नाही. माशाच्या ट्रिपला ही अट म्हणजे पोहायला जाऊन पाय ओले नको म्हणण्यासारखं आहे, पण बोलायची सोय नाही. तिनं बॅगेत काय भरलं तर शेंगाचटणी अर्धा किलो आणि कडक भाकरी दोन चळती. मी चिडलो, आपण खायला चाललोय का खाऊ घालायला. तिनं लक्ष दिलं नाही. पुढं त्याच भाकरीनं आमची ट्रिप फिरवली, ते सांगतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं विमानानं अडीच तासात कोलंबो. म्हणायला कोलंबो, पण विमानतळ शहरापासनं लांब कटुनायकेला आहे आणि तिथनं कोळ्यांचं नेगोम्बो गाव फक्त दहाएक किलोमीटर. म्हणून आम्ही कोलंबोत न जाता सरळ नेगोम्बोत उतरलो. हा निर्णय चांगला होता. दिवस मात्र चुकला.

शनिवारी रात्री पोचलो. रविवारी पहाटे साडेपाचला मेव्हणा तयार, डोक्याला टोपी, हातात पिशवी, जसा काय मासे विकत घेऊन सोलापूरला जाणार. लेल्लमा म्हणतात तिथल्या मासळी बाजाराला. (मेव्हणा लगेच, म्हणजे लिलावच की ओ दाजी.) गेलो तर शुकशुकाट. एक कुत्रं, चार कावळे, रिकामे ओटे. एका रिक्षावाल्यानं समजावून सांगितलं की हे सगळे कोळी लोक कॅथलिक, पोर्तुगीजांच्या वेळेपासनं, आणि रविवारी बोटी जात नाहीत, सगळे चर्चला. नेगोम्बोला छोटं रोम म्हणतात हे मी आदल्या रात्रीच वाचलेलं, पण त्यावरनं बाजाराचा दिवस काढायची अक्कल आली नाही. सोलापुरात बाजाराचा वार विचारल्याशिवाय आम्ही मेथीची जुडी आणायला जात नाही आणि इथं परदेशात येऊन वार विचारला नाही.

मग तसंच चालत किनाऱ्यावर गेलो. आणि तिथं जे बघितलं त्यासाठी मी रविवारला माफ केलं. वाळूवर काथ्याच्या चटया, लांबच्या लांब, आणि त्यावर मासेच मासे वाळत घातलेले. आदल्या दिवशीचे. पोट फाडून साफ करायचे, मोठाल्या पिंपात मिठाच्या पाण्यात टाकायचे, मग चटईवर ओळीनं मांडायचे आणि ऊन देईल तसे पलटायचे. दोन बायका चर्चला जायच्या आधी आलेल्या असाव्यात, कमरेत वाकून भराभर मासे उलटे करत होत्या. त्यांचा हात बघून मला एकदम आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात सांडगे घालणाऱ्या मावश्या आठवल्या. वास? वास तर असा की सौ. वीस पावलं मागं थांबली. मला मात्र आजीचा तवा आठवला. तिथं सुक्या माशाला करवला म्हणतात. मी करवला करवला असं दोनदा म्हणून बघितलं, त्यातली एक बाई हसली आणि अंगठ्याएवढा एक वाळलेला मासा हातावर ठेवला. पैसे घेईना.

हे मुद्दाम एवढं लिहिलं कारण ताजं खायला म्हणून निघालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सुकटच मिळाली.

आमचं गेस्टहाऊस म्हणजे एका बाईंच्या घरातल्या दोन खोल्या. आम्ही त्यांना काकू म्हणायला लागलो, त्यांना अर्थ सांगितला तर खूश. रविवारी दुपारी त्यांनी खेकड्याचं कालवण केलं. नेगोम्बोला लगूनचे खेकडे आणि कोळंबी प्रसिद्ध, खाडीसारखं मोठं पाणी आहे गावाला लागून. आणि एक गोष्ट, सिंगापूरच्या चिली क्रॅबचं जे जगभर नाव आहे ना, त्यात वर्षानुवर्षं खेकडा मात्र श्रीलंकेचा जात आलाय. नाव एकाचं आणि नांगी दुसऱ्याची.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, काकूंनी हाकललं नाही. मसाला आधी कोरडा भाजलेला, धणे जिरे बडीशेप मिरी, चांगला काळपट होईपर्यंत. मी म्हणलं हा तर आमचा काळा मसाला, खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा फरक सोडला तर. मग कांदा, लसूण, कढीपत्ता, रंपे नावाचं एक लांब हिरवं पान, बासमतीसारखा वास येतो त्याला. खेकडे तोडून नांग्या वरवंट्यानं हलक्या फोडून घातल्या, नारळाचं पातळ दूध आधी, दाट दूध शेवटी. आणि उतरवायच्या आधी मूठभर शेवग्याचा पाला! शेवग्याचा पाला आम्ही भाजी करून खातो, त्याची जागा खेकड्यात आहे हे पंचेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

भात होताच. पण सौ.नं काय केलं, कडक भाकरी काढली, चुरली, आणि त्यावर तो रस्सा ओतला. काला. मी कपाळाला हात लावला. पण खाल्लं आणि गप झालो. नारळाच्या दुधाचा रस्सा भातात नुसता पसरतो, ज्वारीच्या कडक भाकरीत मुरतो, आणि वरनं खमंग. काकूंनी एक तुकडा घेऊन वास घेतला, मोडला, चावला, विचारलं ही कधीची? सौ. म्हणाली पंधरा दिवसांपूर्वीची. अजून महिना टिकेल. काकूंचे डोळे मोठे झाले. म्हणाल्या, मग तुम्ही आमचं माशाचं अंबुल थियाल खायला पाहिजे, ते पण टिकतं, पण ते दक्षिणेत खा, तिथलं खरं.

खेकडा हा असा मासळीतला प्रकार की ज्यात काटा नाही हे सौ.च्या लक्षात आलं आणि पुढचे चार दिवस तिनं आमच्यापेक्षा जास्त खाल्लं, हे हिशोबाच्या वहीत आहे.

सोमवारी लेल्लमा भरलेला मिळाला. काय सांगू. पहाटेच्या अंधारात बल्ब, ओली फरशी, आरडाओरडा, टुना असा की दोघांनी धरून ओढायचा. तिथल्या नावांची एक गंमत. सुरमईला थोरा म्हणतात, थोरा मालू. मालू म्हणजे मासा. मेव्हणा म्हणाला बरोबर आहे, सुरमई म्हणजे माशातली थोरली. पिवळ्या पंखाचा टुना तो केलवल्ला, छोटा टुना तो बलया, कोळंबी इस्सो, माकूळ दल्लो. भाताला बथ म्हणतात, मिरचीला मिरिस, मिठाला लुणू, आपलं लोण. दुधाला किरी, म्हणजे खीर आठवा. दोन दिवसांत आम्हाला मेनूकार्ड अर्धं वाचता यायला लागलं. आणि तमिळ दुकानदार भेटला की मेव्हणा सोलापुरी कानडी सोडायचा, मीनु मीनु करत, आणि आश्चर्य म्हणजे काम व्हायचं.

बाजारात आपल्याला शिजवून काही मिळत नाही, बघायचं आणि शिकायचं. मेव्हणा उजनीच्या माशावर वाढलेला, तो थेट कल्ला उचलून बघायचा. कल्ला लाल पाहिजे, तपकिरी झाला की सोडून द्या. डोळा फुगीर आणि चकचकीत. बोटानं दाबलं की खड्डा परत भरून यायला पाहिजे. नदीचा असो नाहीतर समुद्राचा, एवढं सगळीकडं चालतं. खेकडा मात्र आमच्या दोघांच्याही आवाक्याबाहेरचा विषय, तो एका कोळ्यानं खुणेनं शिकवला. उलटा धरायचा, पोटाखालची झडप निमुळती असली की नर, रुंद गोल असली की मादी. नांगीतलं मांस पाहिजे तर नर. आणि दिसायला मोठा पण हातात हलका लागला तर घेऊ नका, कात टाकून नुकताच नवीन कवचात आलेला असतो, आत पाणीच जास्त.

हे सगळं शिकून त्याच संध्याकाळी आम्ही फसलो. बीचवरचं एक हॉटेल, नाव लिहीत नाही, बाहेर बर्फावर मासे मांडलेले, वर पिवळा लाइट. त्या पिवळ्या लाइटमध्ये सगळेच मासे ताजे दिसतात. मुलगा गोड बोलला, आजचाच आहे सर. मेव्हण्यानं कल्ला बघायला हात घातला तर म्हणाला हात लावू नका. तिथंच उठायला पाहिजे होतं. पण भूक लागलेली, सौ. बसलेली. एक मासा आणि खेकडे सांगितले, वजन आत जाऊन केलं, भाव विचारायचा राहिला. बिल आलं तेव्हा मी आधी श्रीलंकन रुपयाचं आपल्या रुपयात मनात भागाकार केला, साधारण साडेतीननं, आणि तरी घाम फुटला. मासा पिठूळ लागला ते वेगळंच. भांडलो नाही. मेव्हणा फक्त बाहेर येऊन म्हणाला, दाजी, भिगवणला ढाब्यावर पण आधी वजन डोळ्यासमोर करतात ओ. तेव्हापासनं नियम केला, जिवंत किंवा कच्चं वजन आपल्यासमोर, किलोचा भाव आधी, मग बसायचं.

मंगळवारी कोलंबो, म्हणजे एक रात्र फक्त. मिनिस्ट्री ऑफ क्रॅब म्हणून मोठं हॉटेल आहे, जुन्या डच हॉस्पिटलच्या इमारतीत, शेफ दर्शन मुनिदास यांचं आणि जोडीला महेला जयवर्धने आणि कुमार संगकारा. अर्ध्या किलोपासनं दोन किलोपर्यंत साइजवारीनं खेकडे. मेव्हणा क्रिकेटवेडा, त्यानं बाहेर फोटो काढला. आत गेलो नाही, आदल्या रात्रीचं बिल खिशात होतं. त्याऐवजी गॉल फेस ग्रीनवर गेलो, समुद्राला लागून लांबलचक मोकळं मैदान, लोक पतंग उडवत असतात, आणि गाड्यांवर मिळतो इस्सो वडे. डाळीचा चपटा वडा आणि त्यावर अख्खी कोळंबी बसवलेली, डोक्या-शेपटीसकट, तळलेली. वर कांदा आणि तिखट पाणी. कोळंबीचं टरफल न काढता कुरकुर खायचं. सौ.नं विचारलं याला काटे? मी म्हणलं नाही, पाय आहेत. तिनं चार खाल्ले. पार्कातल्या भेळेच्या गाडीसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं, फक्त समोर हिंदी महासागर.

बुधवारी सकाळी कोलंबो फोर्ट स्टेशनवरनं दक्षिणेची गाडी धरली. उजव्या बाजूला बसा, समुद्र खिडकीच्या इतका जवळ की लाट आत येईल असं वाटतं. ही मजा चालू असताना शेजारच्या म्हाताऱ्यानं पेरलियाला खिडकीकडं बोट दाखवलं. २६ डिसेंबर २००४ ला याच लाइनवर उभी असलेली गाडी सुनामीनं उचलून फेकली, हजारच्या वर माणसं गेली. त्यानंतर गॉलपर्यंत आम्ही तिघं फारसं बोललो नाही.

वेलिगामाला उतरलो. वेली म्हणजे वाळू, गाम म्हणजे गाव, वाळूचं गाव, उगाच परदेशात आलोय असं वाटत नाही. तिथं रस्त्याकडेला कोळ्यांचीच दुकानं, सकाळी आलेली मासळी लाकडी फळ्यांवर. घ्यायची, शेजारच्या खानावळीत करून घ्यायची. थोरा घेतला, वजन समोर, भाव आधी, कल्ला लालभडक, दुकानदारानंच उचलून दाखवला. नुसतं मीठ-मिरी-लिंबू लावून तव्यावर. हाच तो मासा, ज्यासाठी मेव्हणा सोलापूरहून निघाला होता. घास घेतल्यावर तो काहीच बोलला नाही, फक्त डोळे मिटून मान हलवली. सुरमईला वास नसतो, गोडसर असते, आणि आपण जो वास म्हणजे समुद्राचा वास समजत होतो तो बर्फातल्या चार दिवसांचा वास होता हे तिथं कळलं. सौ.साठी काटे मी काढून दिले. हो, तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मासा खाल्ला.

एवढं होऊनही मी या ट्रिपमधला सगळ्यात मोठा घास म्हणून थोरा सांगणार नाही. तो दुसऱ्या दिवशीचा, अंबुल थियाल.

अंबुल म्हणजे आंबट. वेलिगामाच्या खोलीच्या मालकिणीला नेगोम्बोच्या काकूंचा निरोप सांगितला, ती म्हणाली उद्या करते, पण परवा खा, लगेच खाल्लं तर मजा नाही. परवा तर आमचं विमान. शेवटी ठरलं की तिनं दोन दिवसांपूर्वी केलेलं होतं तेच द्यायचं आणि नवीन करताना मी बघायचं. केलवल्ल्याचे चौकोनी तुकडे. गोराका म्हणून काळी वाळलेली फोडी असतात, आपल्या कोकमाचाच चुलतभाऊ, एकाच कुळातलं झाड. ती भिजवून वाटायची, त्यात मिरपूड सढळ हातानं, मीठ, दालचिनी, कढीपत्ता, रंपे. हा लेप तुकड्यांना चोळायचा, मातीच्या भांड्यात एकाला एक चिकटून लावायचे, जेमतेम पाणी, आणि मंद आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत. तिनं झाकणावर पण निखारे ठेवले. तेल नाही, नारळ नाही, रस्सा नाही. आंबट आणि मीठ आणि पाणी आटवणं, यामुळं तो मासा फ्रीजशिवाय चांगले काही दिवस टिकतो, कारण हे पदार्थ झाले तेव्हा फ्रीज नव्हतेच.

दिसायला काळा ठिक्कर, कोळसा म्हणा. मेव्हण्यानं तोंड वाकडं केलं. खाल्ला तर आधी आंबट, मग मिरीचा ठसका हळूहळू घशात, आणि मासा घट्ट, जवळजवळ मटणासारखा. सोबत लुणू मिरिस. नाव म्हणजे सरळ मीठ-मिरची. लाल मिरची, कांदा, मीठ, आणि उंबलकडा, म्हणजे बलया मासा उकडून धुरी देऊन लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला, तो कुटून. पाट्यावर वाटलेलं. हा आमचा खर्डाच ओ, शेंगदाण्याच्या जागी मासा. सौ.नं शेंगाचटणीची पुडी काढून त्याच्या शेजारी ठेवली. त्या बाईनं चटणी भातावर घेतली, आम्ही लुणू मिरिस कडक भाकरीवर. भाकरीचा शेवटचा तुकडा तिथंच संपला.

येताना मी दालचिनी आणि गोराका घेतला, एक पाव किलो. मेव्हण्यानं टोपी विसरली.

घरी आल्यावर प्रयोग केला. पहिल्यांदा उजनीचा कटला घातला, पूर्ण फसलं. नदीच्या माशाचं मांस मऊ, वरनं काटे, गोराक्यात शिजून सगळी खिचडी झाली, सौ.नं ताट बाजूला सारलं. दुसऱ्यांदा बर्फातली सुरमई आणली, कल्ला जरा तपकिरीच होता, पण जाड तुकडे करून घेतले, कुंभाराकडनं नवीन गाडगं, गॅस बारीक. दीड तास लागला. घरभर मिरीचा आणि कोकमासारखा वास, शेजारच्या काकू विचारायला आल्या काय करायलाव म्हणून. त्या दिवशी कुणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं झाकण काढलं. ती फार वर्षांनी मासा खाणार होती, दात नाहीत. काटा आहे का विचारलं, मी म्हणलं काढलाय. तिनं एक तुकडा बोटानं मोडला, चाटून बघितला, आणि म्हणाली हे सुकटीसारखं लागतंय रे, पण आंबट. मग भाकरी मागितली. मऊ भाकरी दिली तर म्हणाली ही नको, कडक आण, भिजवून खाते.

गोराका आता एका वेळेपुरता उरलाय. मेव्हण्याचा रोज फोन, दाजी उरलेला माझ्यासाठी ठेवा. त्याला सांगितलंय कोकम घालून करून बघ आधी, जमतंय का ते.